एकतीस नंबरच्या दोन ओळी

नुआदिबू
सोमवार, २६ जानेवारी

तेकबर, माझ्या आईच्या लेकी,

सलाम. तू बरी ना? घर बरं ना? पोरं बरी ना? काही वाईट नाही ना? इथेही काही वाईट नाही. आईच्या गुडघ्यांसाठी पाठवलेलं मलम फक्त झोपताना लावायचं आहे, लावून उन्हात बसायचं नाही. ती ऐकणार नाही, तरी सांग. इथे वारा सुटलाय. बंदरावरचा मासळीचा वास आणि वाळू दोन्ही एकदम घरात शिरतात, आणि झाडून त्यातलं एकच बाहेर काढता येतं. कंपनीने उत्तरेकडच्या मोबाइल मनोऱ्यांची देखभाल माझ्याकडे दिली आहे, त्यामुळे अर्धा आठवडा गाडीत जातो.

फोन हातात असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं तू म्हणशील. माझे बोललेले निरोप तू स्पीकरवर लावतेस, म्हणून. मागे मी तुला माझ्या दाढेबद्दल सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी ऑफिसात माझ्यासमोर बसणाऱ्या कुंबाकडे तिच्या नुआकशोतच्या मावशीने दाढेवरचा उपाय कळवला. कागद निदान ओरडत नाही. हे पाकीट चिकटवून बसच्या चालकाकडे दिलंय. एकटी असताना वाच. लेकीला वाचायला देऊ नकोस, स्वतःचा चष्मा शोध.

तुझे सगळे निरोप ऐकले. बक्षिसाच्या सोहळ्याला मी का आले नाही, फोटो पाहून काहीच का बोलले नाही, मला मागणी घालणाऱ्या सिदातीच्या आईला काय सांगायचं, आणि पहिली आलेली एकतीस नंबरची बाई कोण. शेवटचा प्रश्न तू प्रत्येक निरोपात विचारला आहेस. एकदा हसत, एकदा रागावून, आणि काल जवळजवळ रडत, कारण तिच्या बक्षिसाच्या उंटिणीने तुझा अंगभर गुंडाळायचा निळा मलहफा वाळत घातलेल्या दोरीवरूनच खाल्ला.

"अगं, एवढी मोठी इंजिनीयर तू, तुला एक नंबर सापडत नाही? त्या बाईला म्हणावं, तुझी लाज तुझ्यापाशी ठेव, पण तुझं जनावर घेऊन जा."

हे ऐकून मी हसले. खरंच हसले, कुंबाने वर बघितलं.

तर नंबरबद्दल. हे मी तुला 'चौथा पेला' सुरू केला तेव्हाच सांगितलं होतं, पण तेव्हा तू नावाच्या आनंदात होतीस. नाव तुझंच होतं आणि चांगलं होतं. पुरुष तीन पेले चहा पिऊन उठतात, मग उरलेल्या पत्तीवर पाणी ओतून बायका चौथा घेतात आणि खरं बोलणं तेव्हा निघतं. आपली आई, तिची आई, सगळ्यांनी आपल्या मनातल्या माणसावरच्या दोन दोन ओळी त्या चौथ्या पेल्याला म्हटल्या. कुणी म्हटल्या हे कुणी विचारलं नाही. ऐकायच्या, आवडल्या तर पाठ करायच्या, दुसऱ्या तंबूत जाऊन म्हणायच्या, आणि तिथेही कुणाच्या हे सांगायचं नाही. मी फक्त तेवढंच फोनवर आणलं. बाई ओळी म्हणते, माझा प्रोग्राम तिचा आवाज बदलतो, फोन कुणाचा हे पुसतो, एक नंबर लावतो आणि ओळी सगळ्यांपुढे ठेवतो, मग बायका मतं देतात. पुसतो म्हणजे पुसतो. माझ्याकडे असं कुठलं कपाट नाही ज्याची किल्ली मी तुझ्यापासून दडवून ठेवली आहे. आणि कंपनीत बसून कुणाचा फोन कुठे लागला हे चोरून बघणाऱ्याला आम्ही घरी पाठवतो. गेल्या वर्षी एकाला पाठवलं, त्या कागदावर सही माझी होती.

तेव्हा प्रोग्रामला विचारलं तर उत्तर नाही. कधीच मिळणार नाही.

आता सोहळ्याबद्दल. मी आले नाही, कारण बू लानुआरच्या पुढचा मनोरा बंद पडला होता. हे खरं आहे. तो दुसरा कुणीही दुरुस्त करू शकला असता, हेही खरं आहे. पण मी नव्हते असं म्हणू नकोस. प्रक्षेपण माझ्याच हातात होतं. तुम्ही सभागृहात जे केलं ते ज्या ज्या बाईने घरी बसून पाहिलं, ते मी त्या मनोऱ्याखाली गाडीच्या बोनेटवर लॅपटॉप ठेवून, उपग्रहाच्या जोडणीवरून तिच्यापर्यंत पोचवत होते. बाजूला देद्दाही चहा करत होता. देद्दाही म्हणजे माझ्याबरोबरचा तंत्रज्ञ, मनोऱ्यावर चढणारा. पोट सुटलंय तरी माकडासारखा चढतो.

"बाईसाहेब, हे पुरुषांनी बघायचं असतं का?" त्याने विचारलं.

"नसतं."

"मग मी पाठ करून बसू?"

"यंदा बसू नका. यंदा सभागृहात पुरुषच पहिल्या रांगेत आहेत."

ते तुझं काम, तेकबर. आधीच्या वर्षी जिंकलेल्या ओळी आपल्या गायिकेने, मुनीनाने, तुझ्या अंगणात गायल्या होत्या, बायका नाचल्या होत्या, कुसकुस खाऊन सगळ्या घरी गेल्या होत्या. कोण जिंकलं हे कुणालाच कळलं नव्हतं आणि जिंकणारी कदाचित तिथेच ताटं उचलत होती. यंदा तुला ते डेअरी कंपनीचे दूधवाले भेटले. त्यांनी सभागृह दिलं, दिवे दिले, दारात गळ्यात झालर घातलेली दुभती उंटीण बांधली, आणि बदल्यात आपल्याला दूध पुरवणाऱ्या उंटमालकांसाठी पुढच्या खुर्च्या मागितल्या. तू दिल्यास. मी तेव्हा एकदाच विचारलं होतं, पुरुष कशाला. तू म्हणालीस, "अगं, आता जमाना कुठे राहिलाय लपवाछपवीचा. आणि ते काय ऐकणार, त्यांचं लक्ष जेवणाकडे."

त्यांनी ऐकलं.

तू सुंदर दिसत होतीस. हे मी टोमण्याने म्हणत नाही. पडद्यावर निळा रंग चांगला उठून येतो आणि माईक हातात घेतल्यावर तुझ्या खांद्यांना जे येतं ते आपल्या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. तिसऱ्या क्रमांकाची ओळ झाली, दुसऱ्याची झाली. मग मुनीनाने पहिल्याची म्हटली. दोनदा म्हटली, दुसऱ्यांदा वाद्य थांबवून नुसत्या गळ्यावर:

सगळ्या विहिरींचं पाणी पिऊन पाहिलं,
ओठांवर तिनवेराचं मीठच राहिलं.

बायकांच्या किलकाऱ्यांनी माझ्या लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी लालमध्ये गेली, मला ती खाली ओढावी लागली. चार म्हाताऱ्या मागे उभ्या राहून रडत होत्या. एवढं मला मान्य आहे की ते पाहून बरं वाटलं. ओळ बरी होती. ती तिथेच थांबायला हवी होती.

आपल्यात माणसाचं नाव घेत नाहीत. विहिरीचं घेतात, टेकाडाचं घेतात, एखाद्या बाभळीचं घेतात, आणि ऐकणाऱ्या बाईला कळायचं ते कळतं. म्हणूनच कोण ते पुढे शोधायचं नसतं. मी फोन पुसला, आवाज पुसला. विहिरीचं नाव पुसणारा प्रोग्राम मी लिहिला नाही. लिहिला असता तर ओळीत उरलं काय असतं.

आणि तू माईकवर म्हणालीस:

"तिनवेराचं कोणी आहे का इथे? की सगळे खाऱ्या पाण्याला लाजून घरी बसले?"

सभागृह हसलं. तुला माहीत होतं ना, पुरुषांच्या काव्यात गावाचं नाव घेऊन हाक मारली आणि त्या गावाने उत्तर दिलं नाही तर ती नामुष्की वर्षानुवर्षं सांगितली जाते? ते त्यांचं आहे. बायकांच्या ओळींना ते लागू नाही. बायकांच्या ओळी म्हणजे कुणाला दिलेली हाक नव्हे की कुणी उठून उत्तर द्यावं. तू दोन्हींचा खेळ एक केलास, कारण शांतता पडली होती आणि तुला शांतता सहन होत नाही.

पहिल्या रांगेतून येस्लेम उठला.

तो दूध पुरवतो हे मला ठाऊक नव्हतं. अंगावर पांढरा घोळदार दर्रा, इस्त्री केलेला. थोडा जाड झालाय. माईक न घेता म्हणाला, "एवढं बोलल्यावर गप्प बसलो तर आमच्या उंटिणी दूध द्यायच्या बंद होतील." पुन्हा हशा. आणि मग, फार विचार न करता, एक हात बाहीत घालून:

खारंच आमचं पाणी, बाई, लपवलं कधी होतं?
जी दोर कापून गेली तिचं मन मागं का येतं?
विहीर काही रुसत नाही, विहीर वाट पाहत नाही,
नव्या दोराला पाणी देते, जुन्याचं नाव घेत नाही.

त्यानंतर जे झालं ते तू पाहिलंस, तू तिथे होतीस. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. दूधवाल्यांचा साहेब रुमालाने डोळे पुसत होता. मुनीनाने ते चार ओळींचं लगेच चालीवर घेतलं, तिचा तो धंदा आहे, मी तिला दोष देत नाही. तू हसता हसता माईक तोंडापासून बाजूला धरलास आणि तुझं हसणं सगळ्यांच्या हसण्याहून मोठं आलं, कारण माईक बाजूला धरला तरी चालूच होता.

प्रक्षेपण माझ्या हातात होतं. एक बटण. वारा होता, मनोरा बंद होता, कुणालाही पटलं असतं की संपर्क तुटला. मी बोट ठेवलं आणि उचललं. त्याच क्षणी तुटलं असतं तर कुणीतरी कधीतरी विचारलं असतं, नेमकं तेव्हाच का. म्हणून मी ते नीट, आवाजाची पट्टी सांभाळत, शेवटपर्यंत देशभर पाठवलं.

देद्दाही मांडीवर थाप मारून म्हणाला, "मारलं! बाईसाहेब, मारलं की नाही? तिने विहीर आणली, याने दोर आणला."

"तिसऱ्या ओळीत तोल जातो," मी म्हणाले.

"तोल? तुम्ही मनोऱ्याचे तोल बघा. बिचारी कोण असेल ती, आज जेवणार नाही."

"तुमचा चहा करपतोय," मी म्हणाले. करपत होता.

आता ते चार ओळींचं सगळीकडे आहे. इथे पेट्रोल पंपावर आहे. कुंबाच्या फोनची घंटी तेच आहे, आणि तिला आपली हसनिया बोली धड येतही नाही. त्या दोन ओळी मात्र कुणी म्हणत नाही. जिंकल्या त्या, पण जगल्या याच्या.

आणि तू मला निरोप पाठवलास. तो मी पुन्हा ऐकून इथे उतरवून काढते, म्हणजे माझ्याकडून शब्द इकडचा तिकडे होणार नाही:

"सेलेखा, ऐकलंस ना? तुझाच गं तो! कोणीतरी मूर्ख बाई त्याच्यासाठी झुरतेय आणि तो बघ कसा, भर सभेत. सुटलीस तू. ऐकून तुला गार वाटलं असेल. देवाची शपथ, मी तर म्हटलं, बरं झालं माझी बहीण माशाच्या रक्ताची आहे."

ताई, पुढचं सावकाश वाच.

तिनवेराला मी नवरी होऊन गेले तेव्हा पहिल्या दिवशी मला ते पाणी गिळवेना. माझ्याकडे कामाचं छोटं यंत्र होतं, मनोऱ्यांच्या पायासाठीच्या पाण्यातला क्षार मोजायचं. मी विहिरीत बादली सोडून मोजलं आणि येस्लेमला आकडा सांगितला. म्हटलं, हे माणसांनी प्यायचं पाणी नाही. तो म्हणाला, "लग्नाआधी सांगितलं होतं, खारं आहे म्हणून. लपवलं कधी?" आणि मग तोच आकडा सगळ्या गावाला सांगत फिरला, मोठ्या अभिमानाने, जणू त्यांच्या विहिरीला पदवी मिळाली. हे कुणाला माहीत नाही. आईलाही नाही. पुढे मला त्या पाण्याचा चहा सोडून दुसरा चहा पचेनासा झाला, हे मी त्यालाही सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असं नाही. मी अशा गोष्टी सांगत नाही. हे तुला माहीत आहे आणि त्यालाही माहीत होतं, आणि तरी तुम्ही दोघं माझ्या गप्प बसण्यातून आपापल्या सोयीचं ऐकत आलात.

दोर कोणी कापला? त्याची आई आजारी पडली, त्याने मला वर्षभर नोकरीतून रजा घेऊन तिथे राहायला सांगितलं. मी विचार करते म्हणाले. तू म्हणालीस, "एकदा गेलीस की परत येत नाहीस. शिकलेली बाई विहिरीच्या काठावर बसायला शिकली नाही." तू मामांना घेऊन गेलीस, बोलणी केलीस, सुटका घेऊन आलीस. मामांनी मला एकदा विचारलं, "सेलेखा, तुझी मर्जी?" मी जमिनीकडे बघत गप्प राहिले. लग्नाच्या वेळीही काजींनी विचारलं होतं तेव्हा मी तशीच जमिनीकडे बघत होते. आपल्याकडे मुलगी गप्प बसली की होकार. पहिल्या वेळी तो होकार होता. दुसऱ्या वेळी मी अजून विचार करत होते.

मग तू तबलचा ढोल वाजवलास. हातावर मेंदी काढलीस, सगळ्या वस्तीला बोलावलंस. घटस्फोट होऊन घरी आलेल्या लेकीचा सोहळा करतात, तिने हसायचं असतं, नाचायचं असतं, म्हणजे सोडणाऱ्याला कळावं की त्याने गमावलं काय. मी हसले. नाचलेसुद्धा. तुझ्या मैत्रिणी म्हणाल्या, हिच्यासारखी शानदार सुटून आलेली बाई पाहिली नाही. ज्या बाईने त्या दिवशी चेहरा टिकवला आणि नंतर रडली, तिच्याबद्दल काय म्हणतात ते तुला माहीत आहे. तुम्हीच म्हणता, तुझ्या अंगणात बसून, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

तर. एकतीस नंबर मी आहे.

हे वाक्य लिहायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

प्रोग्रामने मला ओळखलं नाही. चार म्हाताऱ्यांनी ओळखलं नाही. तुला येस्लेम माहीत होता, तिनवेरा माहीत होतं, आणि माझ्याशी तू आठवड्यातून तीनदा बोलतेस, तुझ्या मनातही आलं नाही. त्याने ओळखलं. बदललेला आवाज, नाव नाही, मुनीनाच्या गळ्यातून आलेलं, आणि पहिल्याच ओळीला त्याने ओळखलं. 'लपवलं कधी होतं' हे त्याने सभागृहाला म्हटलेलं नाही. ते मला म्हटलंय. त्याला कळलं की मी कुठेतरी ऐकत असेन. आणि हे कळल्यावर त्याने ठरवलं की लोकांना हसवायचं. मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते की तू हाक मारलीस म्हणून त्याला उठावं लागलं, गावाची अब्रू होती. तेही खरं असेल. पण उठल्यावर माणूस हळू उत्तरही देऊ शकतो. त्याला चांगलं येतं. त्याने मला एकदा दिलं होतं.

मला वाटतं आईला कळलंय. सोहळ्यापासून ती रोज फोन करून एवढंच विचारते, "बाळ, जेवलीस ना?" आणि उत्तर ऐकलं की फोन ठेवते. तिला काही विचारू नकोस.

हे मी तुला सांगणार नव्हते. आयुष्यभर नसतं सांगितलं. पण काल कुंबाकडून कळलं की एकतीस नंबर कोण यावर लावलेल्या तुमच्या पैजांमध्ये आता नस्राचं नाव पुढे आहे. तुझ्या लेकीची शिक्षिका. कारण काय, तर तिचं आजोळ तिनवेरापासून जवळ, आणि सोहळ्यात ती जेवली नाही. ती जेवली नाही कारण तिच्या पोटात मूल आहे आणि तिला मांसाचा वास चालत नाही. तिच्या नवऱ्याने तिचा फोन काढून घेतलाय. तिला माहेरी पाठवायचं बोलतोय. तुम्ही बिया सोलत खेळ मांडला आणि एका बाईचं घर मोडायला आलंय, ते पण दुसरीच्या ओळींसाठी.

तेव्हा आता हे थांबव. तुला येतं. तू नुसतं एवढं म्हण: मला कळलंय कोण ते, आणि ती नस्रा नाही. तुझं म्हणणं लोक मानतात. तिच्या नवऱ्याकडे स्वतः जा, मामांना घेऊन जा, मागे गेली होतीस तशी. मग ते विचारतील, नस्रा नाही तर कोण. आणि तू सांगणार नाहीस. तुझ्या मैत्रिणी तुझ्या मागे लागतील, रुसतील, म्हणतील तेकबरला स्वतःच्या पोटात काही ठेवता येत नाही आणि आता शहाणपण सुचलं. दूधवाले विचारतील. ते तुला पुढच्या वर्षी सभागृह देणार नाहीत. तरी तू सांगणार नाहीस.

पुढचं वर्ष नाहीच, हेही लिहून टाकते. काल मी 'चौथा पेला'मधून स्पर्धा काढून टाकली. मतं नाहीत, क्रमांक नाहीत. बायकांना ओळी ठेवायच्या असतील तर जागा तशीच आहे. कुणी जिंकायचं मात्र नाही. तुला राग येईल. येऊ दे.

उंटीण आईला दे, तिला दूध लागतंच. विजेतीने दिली म्हण, ते खोटं नाही.

सिदातीच्या आईला सांग, माझी बहीण नाही म्हणते. कारण विचारलं तर सांग, नाही म्हणते. या वेळी मी गप्प बसलेले नाही, मी लिहून देते आहे, तेव्हा कुणी होकार समजू नये.

गुरुवारी बायका नेहमीसारख्या तुझ्याकडे चहाला येतील. कुणीतरी फोन काढेल, किंवा मुनीना असेल तर ती म्हणेलच, खारंच आमचं पाणी, बाई. सगळ्या हसतील आणि तुझ्याकडे बघतील, कारण तू हसलीस की त्यांना जोर चढतो. तुझ्या हातात किटली असेल. हात हलू देऊ नकोस, पेल्यावर फेस नीट येऊ दे, आणि हस. कठीण नाही. मला तुझ्याच अंगणात, तुझ्याच तबलवर जमलं होतं.

तुझी धाकटी,
आणि यंदाची विजेती,
सेलेखा